निमंत्रणपत्र

नारिता विमानतळावर चेक-इनच्या रांगेत माझ्यापुढे तिघं उभी होती: नववा महिना लागलेली मुलगी, जावई आणि मुंबईला परत निघालेली मुलीची आई.

“बाळंतपणाला आलेली माझी आई बाळंतपणाआधीच परत चाललीय, अंबरीष.”

“उत्तरा, हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत. व्हिसाच्या निमंत्रणपत्रात पंधराच दिवस कोणी लिहिले?”

“कमी मागितले की व्हिसा नक्की मिळतो, असं ऑफिसात सगळे सांगतात.”

“आणि इमिग्रेशनच्या ऑफिसात मुदत वाढवायला गेलो, तर तुझंच पत्र पुढे केलं त्यांनी.”

“पुन्हा अर्ज करू. दोन महिन्यांत येतील आई.”

“तोवर काय करू मी? मागच्या वर्षी तुझ्या आईंच्या पत्रात किती दिवस लिहिले होतेस?”

“ते वेगळं होतं.”

“किती?”

“नव्वद.”

“कशासाठी आल्या होत्या त्या?”

“साकुराची फुलं बघायला.”

“ती आठवडाभर टिकतात, अंबरीष.”

“पुरे, उत्तरा. पुढे सरक. आणि अंबरीष, बाळाची मालिश आणि आंघोळ आता तुम्ही करायची.”

“मला कुठे येतं, आई?”

“शिकवते ना. रोज सकाळी साडेसातला फोन समोर उभा करून ठेवा. चुकलात तर पुन्हा करायला लावीन.”

“साडेसातला मी टोकियोच्या ट्रेनमध्ये असतो.”

“मग साडेपाचला करा. मी तिकडे रात्री दोनला उठेन. द्या, माझा पासपोर्ट द्या.”