तेच आत, तेच बाहेर

...नाही, तोंडी परीक्षेला मी घाबरत नाही, पण तिसऱ्यांदा तोच विषय, आणि ह्या वेळी गेला तर अख्खं वर्ष गेलं, मग माणूस घाबरणार ना यार? विषय काय, तर फंक्शनल प्रोग्रॅमिंग. पद्मजा मॅडम एका सुरात सांगतात, "प्रज्योत, प्युअर फंक्शन म्हणजे तेच आत टाकलं की दर वेळी तेच बाहेर. मागचं लक्षात ठेवायचं नाही, आजूबाजूच्या कशाला हात लावायचा नाही." तेच आत, तेच बाहेर. दोन वर्षं ऐकतोय, टाळक्यात शिरेल तर शपथ!

बरं, घरी अभ्यास करावा, तर आमचे बाबा. भिकाजी, वेसाव्याचे, चाळीस वर्षं बोट चालवली, आता डोक्यातलं सगळं पुसट होत चाललंय. दर पंधरा मिनिटांनी एकच, "सरू आयली काय रं?" सरू म्हणजे माझी आई. मासळी बाजारात बसायची. तिला जाऊन वर्ष झालं.

तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा मी खरं सांगितलं. बाबा ढसाढसा रडले, जेवले नाहीत. अर्ध्या तासाने परत, "सरू आयली काय रं?" परत खरं सांगितलं, परत पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. ऐकलेलं विसरले, पण डोळे सुजलेलेच! ह्यालाच मॅडम साइड इफेक्ट म्हणतात, हे मला तेव्हा कुठे माहीत... मग ठरवलं, कितीही वेळा विचारू देत, उत्तर एकच. "येतेय बाबा, मांदेलीचे दोन वाटे राहिलेत विकायचे." एवढं ऐकलं की निवांत होतात. तेच आत, तेच बाहेर.

परीक्षेत मॅडम म्हणाल्या, उदाहरण दे. पुस्तकातलं एक आठवेना, वाट लागली, म्हणून घरचं हेच सांगून टाकलं, बाबांचा तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. मॅडमनी पेनाचं टोपण तीनदा लावलं, तीनदा काढलं. मग हळूच म्हणाल्या, "फंक्शन तू आहेस रे." आणि पास केलं.

घरी सांगितलं. बाबांनी पाठ थोपटली, देवापुढची साखर हातावर ठेवली. पंधरा मिनिटांनी माझ्या गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र बघून, "परीक्षेचं काय झालं रं?" पास झालो, बाबा. परत पाठ, परत साखर! दोनदा नापास झालेला मी, संध्याकाळपर्यंत नऊ वेळा पास झालो, आणि नऊही वेळा बाबांना तेवढाच आनंद हो.

दहाव्यांदा म्हणाले, "सरूला सांगितलंस?"

आता हा प्रश्न अभ्यासाला नव्हता...

म्हटलं, "सांगतो बाबा. तेवढे दोन वाटे संपू देत."