माझं नाव का नको?

गेल्या महिन्यात पुण्याहून एक संशोधक बाई माझ्या पडवीत येऊन बसली. आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, सौरऊर्जेच्या प्लेटी येणार, त्यात गावाला न्याय मिळतो का, यावर तिचा प्रबंध. गोड बोलणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. मागे एकाने हजेरीची म्हणून घेतलेली सही पुढे प्रकल्पाला संमती म्हणून दाखवली होती.

शाळेत गेले नसले तरी मी वाचते. तिचा फॉर्म चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. खाली लिहिलेलं, 'तुमचं नाव कुठेही येणार नाही.'

"माझा नाव कित्याक नको गो?"

"आजी, तुमच्याच सुरक्षिततेसाठी. आमचा नियम आहे."

"सरकारी कागदार सडो पडीक म्हणान लिवलोहा. थंय आमची गुरां चरतत, ह्या मी सांगतंय. नाव नसला तर ते म्हणतले, कोणी बोलूकच नाय."

"पण आजी..."

"तुझ्या पुस्तकार नाव कोणाचा?"

"माझं."

"मगे ता पण काढ."

बाई फॉर्म घेऊन परत गेली. चार दिवसांनी नवा फॉर्म घेऊन आली, त्यात माझं नाव आडनावासकट. मी सही केली.

पण आधी तिची घेतली, माझ्या वहीत.