चारचा फोन

(निवृत्त कारकुनाचं घर. दार अर्धंच उघडलेलं. बाहेर सरकारी दवाखान्यातली नर्स.)

कारकून : एकदा सांगितलं ना, मी तुम्हाला ओळखत नाही!

नर्स : पाय दारात आहे माझा. लावा दार, मोडू दे.

कारकून : अहो, काय दादागिरी आहे ही?

नर्स : दादागिरी? सलाईनच्या बाटल्यांत बुरशी आहे म्हणून मी बोंब मारली, तर तुमच्या साहेबांनी आठ महिने माझा फोन चोरून ऐकायला लावला. आता खटला उभा आहे त्यांच्यावर. सरकार म्हणतं, असं काही घडलंच नाही. जजसाहेब म्हणतात, ऐकणारा माणूस आणा. बुधवारी, अकरा वाजता.

कारकून : मी टपाल बघायचो. आवक-जावक.

नर्स : कानाला हेडफोन लावून?

कारकून : हे बघा, कोर्टाला झेपणारं नाही हे. कागद केव्हाच जाळले. साहेबांच्या केसालाही धक्का लागायचा नाही. माझी मुलगी मात्र त्याच खात्यात आहे, ती उद्या घरी बसेल. निघा आता. चार वाजत आले, फोन उचलला नाहीत तर आईंच्या जिवाला उगाच घोर.

नर्स : कोणाच्या आईच्या?

कारकून : ...कोणाच्याही.

नर्स : चारचा फोन टपालात यायचा का हो?

कारकून : ऐकला! झालं समाधान? रोज ऐकला! जा, सांगा तुमच्या जजना. फोन ऐकायच्या यादीत त्यांचाही नंबर होता. हे कळलं की ते खटला सोडतील. दुसरे येतील, तेही यादीत. मग न्याय देणार कोण? डोंबल!

नर्स : यादीत नसलेला एखादा असेलच की. नाहीतर असलेला तरी चिडेल.

कारकून : चिडून काय दिवे लावणार! चार वाजले. आईंचा फोन येईल, तो उचला आधी.

नर्स : येत नाही आता. आई जाऊन पाच महिने झाले.

कारकून : ...तुमची लाईन ऐकणं त्याआधीच बंद केलं आम्ही. म्हणजे, त्या खोकल्यानेच गेल्या ना?

नर्स : खोकला बरा झाला होता तिचा. स्वतः म्हणाली मला.

कारकून : तुम्हाला म्हणायच्या. तुमचा फोन ठेवला की तुमच्या भावाला लावायच्या. रक्त पडतंय रे, म्हणून. पोरीला सांगू नकोस, तिच्यामागे व्याप काय कमी आहेत. भावाचाही फोन आम्हीच ऐकायचो.

नर्स : तुम्हाला माहीत होतं. नर्स मी, आणि माहीत तुम्हाला होतं.

कारकून : दोनदा मनात आलं, फोन करून सांगावं.

नर्स : मग? हात झडले होते?

कारकून : आमचेही फोन ऐकतात, बाई.

नर्स : कोर्टात फोन लागत नाही. तोंडानेच सांगायचं असतं. बुधवारी, अकरा वाजता.