एकशे एक ताप

ताई : थांबा काका, लिहून घेते. कालपासून थंडी वाजतेय, अंग तापलंय. किती आहे ताप?

काका : एकशे एक. फार तर दीड.

ताई : तिकिटासारखं अर्धं-पूर्ण करू नका. थर्मामीटर लावलात का?

काका : तीस वर्षं कंडक्टर होतो. हात लावला की कळतं.

ताई : परवा आमच्या रक्तपेढीत रक्त दिलंत, तेव्हा बरे होतात?

काका : ठणठणीत. तूच तर हात पुसलास. अर्धं मिनिट घासलास, वाळू दिलास, आणि मी शीर चाचपायला गेलो तर चापट मारून पुन्हा पहिल्यापासून घासलास.

ताई : बोट लावलंत म्हणून. बोटावरचे जंतू सुईबरोबर आत जातात. आणि ती चापट नव्हती.

काका : चापटच होती. बरी वाटली.

ताई : घसा दुखतोय? जुलाब? एवढ्यात दाढबीढ काढली?

काका : विचार, सावकाश विचार. मागच्या वेळी जेवलात का तेही विचारलं होतंस. तीन दिवस, रोज.

ताई : मागच्या वेळी तापाने फणफणला होतात. आत्ता फोन केलात ते फार बरं केलंत. ‘ताप आल्यास कळवा’ असं कार्डावर छापतो, पण कोण वाचतंय. चारला तुमच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटची पिशवी वरच्या वॉर्डात जाणार होती.

काका : होती म्हणजे?

ताई : आता टाकून देणार.

काका : अख्खी? अगं, तपासून बघ की.

ताई : जंतू थोडे असले तर तपासणीत सापडतही नाहीत. रक्त फ्रीजमध्ये ठेवता येतं, प्लेटलेट नाही. त्यांना खोलीतली ऊब लागते, आणि जंतूंनाही नेमकी तीच आवडते. आज चार असले तर उद्या लाखभर.

काका : मागच्या वेळचीही टाकलीस?

ताई : हो.

काका : बोलली नाहीस.

ताई : तुम्हाला लागलं असतं.

काका : कुणाला जाणार होती ही?

ताई : नाव नाही सांगता येत. शाळेत जाणारी आहे. औषधांनी अंगातली सगळी ताकद गेलीय तिची. एवढासा जंतू गेला तरी झेपायचा नाही.

काका : ताई, रागावू नकोस. मला ताप नाही.

ताई : काय?

काका : नाही ताप. रविवारपासून एक शब्द बोललो नव्हतो कुणाशी. परवा तुझ्याशी बोललो तेवढंच. गाडीभर माणसांना ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणणारा माणूस मी. आता घरात सरकायलाही कुणी नाही. म्हटलं, ताप आला की ही चार प्रश्न विचारते.

ताई : काका...

काका : शपथेवर सांगतो. थर्मामीटरचा फोटो पाठवतो. दे ती पिशवी वर.

ताई : नाही देता येत. एकदा ताप म्हटलं की बाद. आता तिच्यासाठी खोटं बोलत नसाल कशावरून?

काका : आधी बोललो खोटं. आता नाही.

ताई : माझा विश्वास आहे हो. पण माझ्या विश्वासावर तिला कशी देऊ?

काका : मग मी येतो. पंधरा मिनिटांत पोचतो, दुसरी काढ.

ताई : परवाच दिलंय. तीन महिने नाही देता येत.

काका : आणि ती पोरगी?

ताई : दुसऱ्या रक्तपेढ्यांना फोन लावते. संध्याकाळपर्यंत मिळेल बहुतेक.

काका : थांबेल ना तोवर?

ताई : थांबावं लागेल. ठेवू आता? पिशवी काढायचीय.

काका : ठेवू नकोस. बाजूला राहू दे फोन. मी बोलणार नाही मध्ये.

(फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. दूर जाणारी पावलं. थोड्या वेळाने परत येणारी.)

ताई : आहात?

काका : आहे. मागे ते खटक-खटक काय चाललंय?

ताई : डोलवायचं मशीन. प्लेटलेट सारख्या हलत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर गुठळ्या होतात. आज तुमची एकच पिशवी होती त्यावर.

काका : काढलीस?

ताई : काढली.

काका : आवाज येतोय अजून.

ताई : ते बंद नाही करत, काका. रिकामं असलं तरी चालूच असतं.