धक्क्यापासून पिवळ्या फुग्यापर्यंत

दुकानदार : तीन घड्याळं, तीन पट्टे, दोन चार्जर. मावशी, नेताना चार्जर तीन होते.

भाची : तिसरा माझ्या पिशवीत आहे, दादा. हा घ्या. आणि काळ्या घड्याळाच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात बारीक ओरखडा आहे, तो आधीचाच. नेतानाच मी फोटो काढून ठेवला होता.

दुकानदार : ही कोण? वकील?

आत्या : भावाची पोरगी. भौतिकशास्त्र शिकली, तेव्हापासून चहासुद्धा तापमान बघून पिते.

दुकानदार : म्हणजे घराण्यातच आहे. बरं, चार दिवस झाले, कुठलं ठरलं? न विकता घड्याळं घरी वापरायला देतो मी, हे शेजारच्या दुकानात कळलं तर हसतील लोक. केवळ तुमच्यासाठी म्हणून दिली.

आत्या : माझ्यासाठी कशाला, स्वतःसाठी दिलीस. दोन घड्याळं मी परत आणली होती, तिसरं परत येऊ नये म्हणून.

दुकानदार : विषय तुम्हीच काढलात. परतीच्या कागदावर कारण काय लिहू विचारलं, तर म्हणालात, 'खोटं मोजतं.' लिहिलं मी तसंच. कंपनीतून फोन आला, की हे गिऱ्हाईक आहे तरी कोण?

आत्या : सांगायचं की. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेली बाई आहे म्हणावं. तलावाच्या धक्क्यापासून पाण्यात बांधलेल्या त्या पिवळ्या फुग्यापर्यंत साडेसातशे मीटर. शर्यतवाल्यांनी सांगितलं म्हणून नाही, मी स्वतः यंत्र लावून मोजलंय. पोहत जाऊन येऊन पंधराशे. फुगा वाऱ्यानं डुलला तरी हातभर फरक. आणि तुझी घड्याळं सांगतात सोळाशे चाळीस! माझ्या हाताखालच्या माणसानं असं मोजलं असतं, तर तीच साखळी गळ्यात अडकवून घरी पाठवला असता.

दुकानदार : म्हणून तर या खेपेला तीन मॉडेलं एकदम दिली. हे मोठं बघा. पोहणं, सायकल, पळणं, डोंगर चढणं, सगळं एकात. नकाशे आत. एकदा चार्ज केलं की पंधरा दिवस बघायला नको.

आत्या : मला पंधरा दिवस पोहायचं नाहीये रे. पन्नास मिनिटं पोहायचंय.

दुकानदार : मग हे निळं घ्या. मधलं आहे, वजनाला हलकं. माझी बायको हेच वापरते.

आत्या : पोहते?

दुकानदार : नाही. किती पावलं चालली ते बघते, आणि मग मला ऐकवते.

आत्या : माझं ठरलंय. काळं दे.

दुकानदार : काळं? तिन्हीतलं स्वस्त आहे ते.

आत्या : स्वस्त असलं तर त्याचा काय गुन्हा? परवा तिन्ही एकाच वेळी घालून धक्का ते फुगा, फुगा ते धक्का केलं. मोठ्या घड्याळानं सांगितले सोळाशे सत्तेचाळीस. निळ्यानं सोळाशे अडतीस. आणि या गरिबानं पंधराशे एकवीस. माझ्या मोजणीच्या जवळ जो आला, तो खरा. बांध त्याला.

भाची : काळं नको, आत्या.

आत्या : आली का मध्ये.

भाची : रस्त्यात सांगणार होते, पण तू रस्ताभर सिग्नल किती सेकंदांचा आहे ते मोजत होतीस.

आत्या : चोपन्न. दोन सेकंद जास्तच ठेवलाय. बोल, काळ्यात काय खोट आहे?

दुकानदार : मी गप्प बसतो. स्वस्तातलं नको म्हणणारी माणसं या दारातून रोज येत नाहीत.

भाची : दादा, गेल्या वर्षी काय झालं ते आत्यानं तुम्हाला सांगितलंय?

आत्या : त्याला कशाला?

भाची : घड्याळ कशासाठी हवंय ते कळल्याशिवाय ते मोठंच पुढे सरकवत राहणार. दादा, शर्यतीत आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं. पोहायला पन्नास मिनिटं. तेवढ्यात बाहेर नाही आलं, तर होडी येऊन उचलते. सायकलला हातसुद्धा लावता येत नाही.

आत्या : चाळीस मीटर उरले होते. हिचा बाप धक्क्यावर टॉवेल घेऊन उभा होता, टॉवेलावरचे पट्टे दिसत होते मला. तेवढ्यात होडीवाल्यानं काखेत हात घातले आणि पोतं चढवावं तसं वर ओढलं. वर म्हणतो, बाई, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या वयाला हे फार झालं.

दुकानदार : तुम्ही काय म्हणालात?

आत्या : काही नाही. तोंडात पाणी होतं.

दुकानदार : जाऊ द्या, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी…

आत्या : पुढचं वर्ष नाहीये. नवा नियम निघालाय, साठीपुढच्या माणसाला पाण्यात सोडणार नाहीत. मला दोन महिन्यांनी साठ पूर्ण होतात. शर्यत एकोणीस दिवसांवर आहे. तेव्हा हिचं व्याख्यान लवकर आवरू दे आणि ते काळं पेटीत घाल.

भाची : पाच मिनिटं दे. दादा, काउंटरवरचे ते पट्टे जरा बाजूला घ्याल? हे बघ. तिन्ही घड्याळांतून परवाची नोंद मी काढली आणि एकाच मापानं तीन पारदर्शक कागदांवर छापली. काळ्यात किती बिंदू आहेत, मोज.

आत्या : अडतीस.

दुकानदार : बघता बघता मोजले!

आत्या : चौतीस वर्षं शेतातल्या खुंट्या मोजल्यात. पुढे?

भाची : तू परवा पन्नास मिनिटं चाळीस सेकंद पाण्यात होतीस. निळ्यानं आणि मोठ्यानं दर सेकंदाला एक बिंदू टिपला. तीन हजार चाळीस. काळं बॅटरी वाचवायला ऐंशी सेकंदांतून एकदा टिपतं, आणि मधल्या वेळात सरळ रेघ मारून मोकळं होतं. म्हणजे तीन हजार दोन जागी तू कुठे होतीस, हे त्यानं पाहिलंच नाही.

दुकानदार : ते सेटिंगमध्ये बदलता येतं का, बघावं लागेल.

भाची : पाहिलं. या मॉडेलात नाही येत.

आत्या : म्हणजे हे आपलं कार्यालयात बसून मोजणी करणारं निघालं.

भाची : अगदी. आता निळ्याचा कागद बघ. त्यावर मोठ्याचा ठेवते.

आत्या : कडा जुळव. वरचा कोपरा सरकलाय. हां, आता बसला.

भाची : काय दिसतं?

आत्या : पान दिसतं. झाडाचं. कडेला करवतीसारखे दाते असलेलं.

भाची : देठाशी धक्का, टोकाशी फुगा. मधली शीर म्हणजे तू मोजलेली सरळ रेघ. त्या रेघेवर तू किती वेळ होतीस?

आत्या : परवा वारा होता.

भाची : होता. आडवा, डावीकडून उजवीकडे. म्हणून तर बरं झालं.

आत्या : मग झालं तर. वाऱ्यानं लोटलं.

भाची : आत्या, वाऱ्यानं लोटलं असतं तर जातानाही याच बाजूला आणि येतानाही याच बाजूला गेली असतीस. दोन्ही रेघा शिरेच्या एकाच अंगाला पडल्या असत्या. घड्याळ चुकत असतं, तर ते नेहमी तुझ्या उजव्या हाताकडेच कसं चुकेल? त्याला तुझा उजवा हात कुठला ते काय माहीत? पण जाताना तू तुझ्या उजवीकडे गेलीस, आणि परत फिरल्यावर पुन्हा तुझ्याच उजवीकडे. म्हणून पान झालं.

दुकानदार : मावशी, पाणी देऊ का?

आत्या : नको. काळ्याचा कागद ठेव वर.

भाची : ठेवला. त्यातही पानच आहे. फक्त दाते नाहीत.

आत्या : हे दाते म्हणजे…

भाची : तू तीस-पस्तीस हात मारतेस, तोवर वळतेस. मग मान वर काढतेस, फुगा दिसतो, दिशा धरतेस. पुन्हा वळतेस. प्रत्येक दाता म्हणजे एकदा मान वर काढणं. पंधराशेच्या जागी तू खरोखरच सोळाशे चाळीस पोहतेस.

आत्या : म्हणजे ती दोन घड्याळं…

दुकानदार : मी काही बोललो नाही.

आत्या : बोलू नकोसच. तीन महिने मी या माणसाच्या डोक्यावर बसले होते. मोजणी माझी खरी, रेघ माझी खरी, मग घड्याळच खोटं. त्या रेघेवर चालणारा माणूस सरळ चालतोय का, हे बघायचं सुचलंच नाही. लोकांच्या हद्दी सरळ करत फिरले आणि…

भाची : आत्या, यंत्राखालची तिपाई तू कुठल्या खांद्यावर वाहायचीस?

आत्या : उजव्या.

भाची : चौतीस वर्षं. तो हात आता वरच्या फळीपर्यंत पोचत नाही. बाबांना सांगतेस की फळीच उंच बसवलीय. पाण्यात डावा हात जोरानं ओढतो, उजवा कमी. मग तू उजवीकडे वळणारच. एका बाजूचं वल्हं जोरात मारलं की होडी वळते, तसं.

आत्या : एकोणीस दिवसांत खांदा नवा होत नाही.

भाची : नाही होत. तो विचारच सोडून दे. तुझा वेग मिनिटाला बत्तीस मीटरच्या वर आहे, परवा चाळीस सेकंद जास्त लागले. चाळीस सेकंदांचे किती?

आत्या : एकवीस. नाही, बावीस धर.

भाची : जास्तीच्या एकशे चाळिसातले फक्त बावीस मीटर वाचवायचेत तुला.

आत्या : बावीस म्हणजे… इथून समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत.

दुकानदार : त्याच्या पायरीपर्यंत.

आत्या : आणि ते वाचवायचे कसे? मान सारखी वर काढत बसले तर वेग जातो.

भाची : थोडा जातो. पण दाता लहान झाला तर अंतर त्याहून जास्त वाचतं. तीस-पस्तीसऐवजी दर सोळा हातांना. एवढंच.

आत्या : पाण्यात कोण मोजणार सोळा? श्वास मोजू, हात मोजू, का बाजूच्याची लाथ चुकवू?

भाची : म्हणून घड्याळ. निळं आणि मोठं, दोन्ही ठरावीक सेकंदांनी थरथरतात. पंचवीस सेकंदांवर लावायचं. थरथरलं की मान वर, फुगा बघायचा, दिशा धरायची.

आत्या : मनगटावर मला नाही कळत. परवा आधी दहा मिनिटं बांधून बघितलं ना? पाणी एवढं सटासट लागतं, त्यात ते बिचारं गुदगुल्या करतंय का काय, समजत नाही.

भाची : मग परवा शेवटी तिन्ही कुठे ठेवली होतीस?

आत्या : टोपीखाली. यंत्राला आकाश दिसलं पाहिजे, पाण्याखाली बुडवलेल्या मनगटाला काय दिसणार? होडीवाला विचारत होता, बाई, डोक्याला टेंगळं कसली आली?

भाची : तिथे थरथर कळली असती?

आत्या : कवटीवर? थांब. लाव बरं ते निळं. दाब इथे, मागच्या बाजूला. हां… अगं बाई! दात वाजले माझे.

दुकानदार : मोठंपण लावून बघा ना. याची मोटर ताकदवान आहे.

आत्या : आण. … अरे, परवा टोपीखाली मान मागे होत नव्हती ती याच्यामुळेच. नांगराचा फाळ बांधल्यासारखं वाटतंय.

दुकानदार : पण अचूक आहे, मावशी. सोळाशे सत्तेचाळीस.

भाची : आणि निळं सोळाशे अडतीस. तलावात तीनदा फेरी मारली तरी एवढा फरक त्याच घड्याळात आपसात पडेल. नऊ मीटरांसाठी मान आखडून घ्यायची का?

आत्या : निळं दे.

दुकानदार : नक्की? पावती फाडण्याआधी नीट विचार करा. हे जर परत आलं, तर मी दुकानाची किल्ली तुमच्या हातात देऊन गावाला जातो.

आत्या : नाही येणार. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या तोंडावर वाकडी म्हणालंय, त्याला कशी सोडीन? आणि हे कागद मला हवेत गं. तिन्ही.

भाची : कशाला?

आत्या : पलंगासमोर भिंतीवर लावते. रोज पोहून आले की त्या दिवसाचं पान शेजारी. शिरेला चिकटत आलं पाहिजे. दादा, चिकटपट्टी आहे का रे?

दुकानदार : चिकटपट्टी फुकट. आणि शर्यतीच्या दिवशी दुकान उशिरा उघडीन म्हणतो.

(एकोणीस दिवसांनी, सकाळी. तलावाचा धक्का.)

भाची : हात दे! इकडून, तिथे शेवाळ आहे.

आत्या : टोपी… टोपी काढ आधी. डोक्यात भुंगा पोसलाय नुसता.

भाची : काढते. हलू नकोस.

आत्या : हलू नको काय, मला निघायचंय! सायकल?

भाची : तिसऱ्या रांगेत. बाबा धरून उभे आहेत.

दुकानदार : मावशी, टॉवेल! बूट इथे ठेवलेत, नाडी सोडून!

आत्या : तू आलास होय रे? धर, चष्मा धर.

भाची : आत्या, तुझी वेळ…

आत्या : आधी अंतर.

भाची : पंधराशे एक्काहत्तर मीटर.

आत्या : आता वेळ.

भाची : अठ्ठेचाळीस मिनिटं, अकरा सेकंद.