तुमसरपर्यंतची सही

दुलीचंद : उठू नका म्हटलं ना, शालीकभाऊ! अंग भट्टीसारखं तापलं आहे आणि निघाले स्टेशनावर. मी आत्ता तिथूनच येऊन राहिलो. बसा चुपचाप.

शालीकराम : मेल कधीची गेली. मग गीता काऊन नाही आली? स्टेशन का लांब आहे?

दुलीचंद : आता सांगतो ते शांतीनं ऐका. हमालानं भाभींना पाहिलं. डोक्यावर पदर, काखेत तुमची सह्यांची वही, आणि सीध्या जनान्या डब्यात चढल्या.

शालीकराम : चढली? खिडकीतून वही द्यायची, सही घ्यायची आणि परत फिरायचं, एवढंच सांगितलं होतं मी!

दुलीचंद : चढताना पाहिलं. उतरताना कोणी नाही पाहिलं.

शालीकराम : म्हणजे गाडीत राहिली ती.

दुलीचंद : राहिल्या तर राहिल्या. मेल इथून सुटली की तुमसरलाच थांबते. मास्तरबाबूंनी तेव्हाच तिथं तार केली. पॅसिंजरमध्ये बसवून दिलं असेल, येतीलच आता घरी.

शालीकराम : ती एकटी कधी गाडीत बसली नाही, दुलीचंद. लग्न होऊन कामठ्याहून आली तीसुद्धा बैलांच्या खासरात बसून. आणि मी तिला धाडलं. कशासाठी, तर एका सहीसाठी!

दुलीचंद : एका कसल्या? वही भरत आली तुमची. तो बंगालचा शास्त्रज्ञ झाला, पुण्याचे इतिहासवाले झाले, इंदूरचा पहेलवान झाला. बिडीपत्ता तुम्ही विकता, तांदूळ मी विकतो. पण पोस्टमन माझ्या दुकानापुढून तुमच्याकडं वळला की मी मुनीमाला म्हणतो, बघ, आज कोणता राजा शालीकभाऊंना चिठ्ठी लिहून राहिला.

शालीकराम : मी नुसती सही मागत नाही म्हणून लिहितात. सही मागितली की कारकून टाइप केलेला कागद धाडून देतो, त्याला काय करायचं? मी प्रश्न विचारतो. प्रश्न आवडला की माणूस स्वतः दौत पुढं ओढतो. एका चंद्रावतीबाईंनीच तेवढं उत्तर दिलं नाही. त्यांच्या गाण्याचे तवे आपल्या चौकात चहावाला ग्रामोफोनवर वाजवतो, पण माझ्या पत्रांना उत्तर नाही.

दुलीचंद : आणि त्याच बाई आज मेलनं नागपूरला जाणार, हे पेपरात वाचलं, तर आजच तुम्हाला थंडीताप.

शालीकराम : मला आता सही नको. मला गीता घरी पाहिजे. माझी चप्पल कुठं आहे?

दुलीचंद : चप्पल मी लपवली. शोधून दाखवा. अन् थांबा, थांबा... फाटक वाजलं वाटते.

(दारात गीताबाई. पायांना चिखल, लुगड्याला कोळशाची धूळ, काखेत फडक्यात बांधलेली वही.)

गीताबाई : अजी, तुमी उभे काऊन? कुनैन घेतली का नाई?

शालीकराम : कुठं होतीस तू! पडली-बिडली नाहीस ना? कोणी काही बोललं का तुला?

गीताबाई : बापा! मले वाटलं, पयले वहीचंच पुसान.

दुलीचंद : भाभी, झूठ नाही बोलत. मेल गेल्यावर एकदा विचारलं वहीचं. मग मीच झापलं. त्यानंतर वहीचं नाव नाही, नुसतं गीता कुठं, गीता कुठं.

गीताबाई : एकदा तं पुसलंच ना! बसा खाली पयले. भाऊजी, तुमीबी बसा. सांगतो सारं.

शालीकराम : डब्यात कायला चढलीस?

गीताबाई : तं का करू? खिडकीत बाईच नोयती. त्यायची मोलकरीन दारात उभी. म्हनते, बाईचं डोकं दुखून राहिलं, सही नाई भेटत, जा. म्हनलं, माझा घरवाला तापानं पडून हाय, मी रिकाम्या हातानं गेली तं त्याचा ताप चढन. तं आतून आवाज आला, ‘कोण आहे गं? येऊ दे तिला.’ मंग गेली मी.

शालीकराम : मग? कशा दिसतात? तव्याच्या पाकिटावर तर मोत्यांच्या माळा असतात गळ्यात.

गीताबाई : कायच्या माळा! बाकावर मांडी घालून, केस सुटे, अन् चहात टोस बुडवून खाऊन राहिल्या. मले वाटलं, ह्या कोनी दुसऱ्याच. तुमचं नाव सांगतलं, तं खो-खो हासल्या.

शालीकराम : हसल्या? माझ्या नावाला?

गीताबाई : ‘गोंदियाचे ते? स्वरसम्राज्ञींच्या चरणकमली शिरसाष्टांग दंडवत?’ तोंडपाठ हाय त्यायले. म्हनते, ‘अहो, एवढा वाकलेला माणूस! त्याला उत्तर द्यायचं म्हणजे मी किती वाकायचं?’

दुलीचंद : वा! बिलकुल सही बोलल्या. मी म्हणत नव्हतो, शालीकभाऊ? पत्रात थोडं कमी लोटांगण घाला.

शालीकराम : तू चूप बस. मग पुढं?

गीताबाई : मग वही देल्ली. एक-एक पान पलटवून राहिल्या, वाचून राहिल्या. अन् गाडी हालली. मी धावली दाराकडं, तं त्यायनं मागून पदर धरला माझा, असा गच्च. ‘मरायचंय का? बस खाली.’

शालीकराम : चंद्रावतीबाईंनी पदर धरला तुझा?

गीताबाई : नाई धरला असता तं आज तुमी विधुर. मंग मी रडली. रडू नाई तं का करू? घरी तुमी तापात, अन् मी निघाली नागपूरले. त्यायनं टोस देल्ला, चहा देल्ला. म्हनल्या, तुमसरले बाबूशी मी बोलते, माझी पाहुनी हाय म्हनून सांगते. अन् खरंच सांगतलं. बाबूनं मले पॅसिंजरात बसवून देल्लं, सलाम ठोकून.

दुलीचंद : भाभींना सलाम! आणि इकडं आम्ही चपला लपवून राहिलो.

शालीकराम : आणि मी सांगितलेला प्रश्न? मैफलीच्या शेवटी भैरवीच काऊन गातात, तो विचारलास?

गीताबाई : भुलली मी.

शालीकराम : गीता!

गीताबाई : अजी, बाहेर धानाचा रोवना चालू होता. दोन्ही बाजूनं पान्यानं भरल्या बांध्या, बाया रांगेनं वाकून चिखलात परे लावून राहिल्या. बाईनं खिडकीतून पाहिलं, म्हनते, ‘ह्या गात असतील का गं?’ म्हनलं, गातच असन. गाल्याबिगर हात चालत नाई. ‘काय गातात?’ तं मी म्हनून दाखवलं.

शालीकराम : तू? त्यांच्यापुढं गायलीस?

गीताबाई : गायली कायची? रोवन्याचं म्हनलं. टोस खानाऱ्या बाईचा भेव नाई वाटत. अन् गाडीचा खडखड एवढा, का मोठ्यानंच म्हना लागे. त्या डोरे मिटून आयकत बसल्या. डोकेदुखी कुठं गेली का जाने. मधीच म्हनते, ‘थांब. इथं आवाज खाली का नेलास?’ म्हनलं, तिथं परा लावाले वाका लागते, म्हनून आवाजबी वाकते. तं पुन्हा म्हनाले लावलं. अन् पुन्हा. मंग स्वतः म्हनून पाहिलं, माझ्यासंग.

दुलीचंद : कसम से? चंद्रावतीबाई आणि आमच्या भाभी, एका डब्यात, एक गाणं? लोक टिकीट काढून रांग लावतात हो!

गीताबाई : मंग त्यायनंच तुमची वही मांडीवर घेतली अन् लिवलं. पान पहा ना आता. पाह्यत काऊन नाई?

शालीकराम : हात धुऊ दे... दुलीचंद, ते फडकं सोड. हळू. हं. हा त्यांचाच हात? अक्षर मोठं आहे. गाडीनं थरथरलेलं दिसते जागोजागी. ‘वाकून रोवते बांधीत परा, माहेरी निरोप नेजो गा वारा...’

दुलीचंद : आणि खाली सही! पूर्ण नावाची! तुमसर, आणि तारीख.

शालीकराम : पण हे... बाकीच्या पानांवर पाहा. शास्त्रज्ञांनी सत्यावर लिहिलं आहे. इतिहासाचार्यांनी परिश्रमावर. आणि इथं रोवणीचं गाणं.

गीताबाई : नाई आवडलं तं राहू द्या. उद्या त्यायले पत्र लिवा, भैरवीचं पुसा. कमी वाकून लिवा मात्र.

दुलीचंद : शालीकभाऊ, तुम्ही बडे अजीब आहात. अशी चीज कोणाच्या वहीत आहे?

शालीकराम : थांब रे. मला वाचू दे. ... गीता, हे गाणं तू इथं कधी म्हटलंस?

गीताबाई : इथं? इथं गोंदियात बांधी कुठं हाय? कामठ्याले म्हनत होती, लगनाच्या पयले.

शालीकराम : इतकी वर्षं एका घरात आहोत, आणि मी ऐकलं नाही.

गीताबाई : तुमी चिठ्ठ्या लिवत राह्यता अन् मी भाकरी थापत राह्यतो. मधात कोन म्हनन, अन् कोन आयकन?

शालीकराम : चंद्रावतीबाईंनी ऐकलं. एका स्टेशनापुरती भेट, आणि ऐकलं.

गीताबाई : आता तोंड नका पाडू. तापात तुमी लेकरासारखे दिसता.

दुलीचंद : पण हे अर्धंच दिसते. ‘माय पुसन तं...’ इथं थांबलं आहे.

गीताबाई : तुमसर आलं ना! बाईनं घाईघाईनं सही केली, अन् मले उतरवलं. म्हनल्या, बाकीचं घरच्यांना सांग.

दुलीचंद : मग सोपं आहे. दौत आणतो. भाभी सांगतील, तुम्ही लिहा, पान पुरं.

शालीकराम : नको. दौत नको आणू. वही मिटून ठेव तिकडं, फळीवर.

दुलीचंद : अधुरी राहील की!

शालीकराम : राहू दे. गीता, ये, इथं बस जवळ. पुढचं म्हण.

गीताबाई : आता? भाऊजी बसले हायेत.

दुलीचंद : मी भिंतीकडं तोंड करतो. हे पाहा, केलं.

गीताबाई : पाय तरी धुऊ द्या.

शालीकराम : राहू दे चिखल. म्हण.

गीताबाई : ...माय पुसन तं सांगजो बेस, चिखलात पाय अन् वाऱ्यावर केस...