तलावातली पहिली उडी

तुम्ही त्या तलावात रोज पोहता ना? तर ऐका, तो माझ्या एका थापेवर उभा आहे.

कात्रजपलीकडचं आमचं गाव तेव्हा नुकतंच महापालिकेत गेलं होतं. रिकाम्या जागेवर काय बांधायचं, म्हणून नगरसेवकाने देवळात सभा घेतली. नव्या सोसायट्यांतल्या आयटीवाल्यांना पोहण्याचा तलाव हवा होता आणि आमच्या म्हाताऱ्यांना पत्ते कुटायला विरंगुळा केंद्र. या पत्तेवाल्या दोस्तांची जिरवायची मला लहर आली नि मी उठून म्हणालो, "तलावच करा! लहानपणी मी भरल्या विहिरीत मुटके मारायचो."

खरं तर विहिरीची दुसरी पायरीसुद्धा मी कधी उतरलो नव्हतो. पण गावचा म्हाताराच तलाव मागतोय म्हटल्यावर तो मंजूर झाला. दोस्तांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

उद्घाटनाला नगरसेवक माइकवर म्हणाला, "पहिली उडी आपल्या आप्पांची!"

मी म्हणालो, "अहो साहेब, धोतर नेसून उतरायला बंदी आहे. पाटी वाचा."

तेवढ्यात माझा दोस्त सोपान सत्काराचं ताट घेऊन पुढे आला. नारळाशेजारी शालीऐवजी लालभडक पोहायची चड्डी. "आप्पा, समद्यांनी मिळून आणलीय. तुझ्याच मापाची हाय."

टाळ्या सुरू झाल्या. इतक्यात गर्दीतून आमची बायको लगबगीने येताना दिसली. म्हटलं वाचलो, मला पोहता येत नाही हे हिला तरी ठाऊक आहे.

जवळ येऊन ती म्हणाली, "अहो, चष्मा द्या इकडे. परवाच नवा केलाय."